पहिला हाफ पाहुण्यांचा

"मुलगा पाहिलास, घर पाहिलंस, आता खिडक्या पाहा," मावशीनं बजावलं होतं. "ज्या घराच्या सगळ्या खिडक्या मैदानाकडे उघडतात, त्या घरातल्या माणसांचं लक्ष कधी घरात नसतं. आणि तू म्हणजे काळजीचं गाठोडं. ती माणसं बाहेर बघत बसतील नि तू त्यांच्याकडे बघत बसशील. मग सांगितलं नाही म्हणू नकोस."

सूनबाई तेव्हा अजून कुणाची सूनबाई झाली नव्हती. तिनं मावशीचं बोलणं या कानानं ऐकलं नि त्या कानानं सोडून दिलं. "मावशी, खिडक्यांना पडदे असतात गं," असं वर ऐकवलंही.

पडद्यानं ऊन अडतं, भोंगा अडत नाही, हे तिला लग्नानंतरच्या पहिल्याच शनिवारी कळलं.

भोंगा म्हणजे तिचे सासरे. घरात बाबा, गल्लीत भोंगा. उभा जन्म छापखान्यात गेलेला. मशीनच्या खडखडाटात पलीकडच्या माणसाकडे कागद मागायचा तर आवाज बेंबीच्या देठापासून काढावा लागे. छापखाना सुटला, आवाज राहिला. घराच्या मागच्या भिंतीला लागूनच फुटबॉलचं मैदान. भिंतीपलीकडे गोलामागचा बुटका स्टँड, लाकडी फळ्यांचा, वर पत्रा. शनिवारी दुपारी बाबा विटकरी मफलर गुंडाळून मागच्या दारानं निघत, आणि थोड्याच वेळात घरातल्या कपबश्या कपाटात किणकिणू लागत.

संघाच्या अंगावरचे सदरे विटकरी, म्हणून अख्खी गल्ली संघाला 'विटा' म्हणायची. घोषणाही तशीच. बाबा एकटे ओरडत, "वीट!" मागून सगळा स्टँड, "वीट!" पुन्हा बाबा, पुन्हा स्टँड. मग सगळे मिळून एक लांब श्वास घेत. त्या श्वासाएवढी शांतता पडे. आणि मग एकदम, "भिंत!"

"खरी गंमत त्या श्वासात आहे, सूनबाई," बाबा म्हणत. "ओरडतं काय, कुणीही. थांबता आलं पाहिजे."

सूनबाईला थांबता कधीच आलं नव्हतं. रक्त-लघवी तपासायच्या प्रयोगशाळेत ती नोकरीला होती. तिथं सगळं दोनदा बघायची सवय लागली, आणि छकुली झाल्यावर ती सवय घरभर पसरली. दुधाची उष्णता मनगटावर एकदा, कोपरावर एकदा. पाळण्याचा खिळा रोज. बाळ जरा जास्त वेळ झोपलं की नाकाजवळ बोट. नवरा तिला 'चौकीदार' म्हणायचा, आणि ती त्याला म्हणायची, "अरे, चौकीदार जागा आहे म्हणून तर तू घोरतोस."

मैदानाच्या गोंगाटानं पोरीचे कान बिघडतील, ही तिची सगळ्यात मोठी धास्ती. म्हणून तिनं बाळाच्या मापाचे कान झाकायचे गोंडे आणले. छकुलीनं ते काढून चोखून टाकले. मग उलटच दिसायला लागलं. सामना रंगात आला की पोरगी गाढ झोपायची, गोल झाला की झोपेत हसायची, आणि मैदान शांत झालं की दचकून उठून भोकाड पसरायची. आजोबांचा आवाज हीच तिची अंगाई होती. सूनबाईनं शेवटी हात टेकले आणि शनिवारी दुपारी खिडकी उघडी ठेवायला लागली.

खिडकीत बसूनच तिला त्या स्टँडची एक रीत कळली. सामना सुरू झाला, बाबा ओरडायला लागले, आणि ती चक्रावली. हे तर समोरच्या संघाचं नाव घेऊन ओरडतायत! आणि एकटे बाबा नाहीत, सगळा स्टँड.

"बाबा, तुम्ही चुकून त्यांच्या बाजूनं ओरडलात," संध्याकाळी ती भीत भीत म्हणाली.

बाबा आणि चहाला आलेला त्यांचा दोस्त किल्लीवाला, दोघं हसून हसून गडगडले. किल्लीवाल्याचं कोपऱ्यावर कुलपं-किल्ल्यांचं दुकान होतं आणि स्टँडमधली त्याची जागा बाबांच्या डाव्या हाताला.

"अगं, पहिला हाफ पाहुण्यांचा असतो," बाबांनी समजावलं. "फार वर्षांपूर्वी लांबून एक संघ आला होता. त्यांच्याबरोबर ओरडायला एक माणूस नाही. त्यांचा गोलकीपर आमच्या पुढ्यात उभा, मिसरूड फुटलेलं पोर, आमच्या आरडाओरड्यानं पाय लटपटतायत त्याचे. मी म्हटलं, अरे, पाहुणा आपल्या दारात आलाय नि आपण त्याच्यावर भुंकतोय? आधी त्यांचं करू, मग आपलं. तेव्हापासून पहिला हाफ पाहुण्यांचा, दुसरा घरच्यांचा."

"आणि तो गोलकीपर?"

"त्याला असा काही चेव आला, की आमचा एक गोल होऊ दिला नाही गाढवानं," किल्लीवाला म्हणाला. "हा भोंगा म्हणजे आपल्या हातानं पायावर धोंडा मारून घेणारा माणूस. वर धोंड्याला विचारेल, लागलं नाही ना रे?"

अशी सगळी मजा चालली होती, आणि मग लीगची बातमी आली.

शहर एक आणि संघ तीन. निळे श्रीमंत, हिरवे मधले, विटा गरीब. एकाच शहराचे प्रेक्षक तिघांत वाटले जातात, कुणाचंच मैदान धड भरत नाही, आणि तिकडे मोठमोठी शहरं संघावाचून कोरडी पडलीत, असं लीगचं म्हणणं. तेव्हा तिघांतला एक उचलून दुसरीकडे न्यायचा. कुठला, ते पाहणी करून ठरवणार.

जेवणाच्या टेबलावर रोज लढाई सुरू झाली. सूनबाईचा नवरा चष्म्याच्या दुकानात डोळे तपासायचा. भांडताना तो आवाज चढवत नसे, त्यामुळे बाबांचा जास्तच चढे.

"बाबा, त्यांचं चुकतंय कुठं? एका ताटावर तिघं बसलेत आणि शेजारचं पान वाढायचंच राहिलंय."

"म्हणून जेवत्या माणसाला हाताला धरून उठवायचं?"

"तुम्हाला जवळचं छान दिसतं. लांबचं दिसत नाही. नंबर काढून देऊ?"

"आधी तुझा काढ! संघ म्हणजे काय खुर्ची आहे, या खोलीत अडचण झाली, त्या खोलीत ठेवली? संघाला गल्ली लागते. ती कशी नेणार आहेत ट्रकमध्ये घालून?"

"गल्ली तयार होते, बाबा. इथंही एकदा झालीच असेल ना?"

बाबांनी सूनबाईकडे पाहिलं. "बघ. घरातच पाहुण्यांचा वकील."

सूनबाईला दोघांचंही पटायचं, आणि तोच तिचा त्रास होता. नवऱ्याचं बोलणं डोक्याला पटे, बाबांचं पोटाला. तिनं आपलं छकुलीला भरवायचं काम चालू ठेवलं. पण एक गोष्ट तिनं टिपली. वाद संपल्यावर बाबा उठून खिडकीशी जात, आणि अंधारात दिसत नसलेल्या मैदानाकडे बघून परत येत.

पाहणीचा शनिवार सूनबाईनं खिडकीतूनच ओळखला. बुटक्या स्टँडच्या कडेला एक बाई आणि एक बुवा येऊन बसले. ओरडत नव्हते, गोल हुकला तरी हळहळत नव्हते, आणि बुवांच्या मांडीवर आवाज मोजायचं यंत्र होतं. स्टँड नेहमीप्रमाणे पाहुण्यांच्या नावानं दणाणत होता. त्या दिवशी तर जास्तच, कारण पाहुण्यांचे दोन खेळाडू जखमी होते आणि बाबांना त्यांची कीव आली होती.

मध्यंतराची शिट्टी झाली. बाई-बुवा उठले, यंत्र पिशवीत घातलं आणि फाटकाकडे चालू लागले.

सूनबाईनं छकुलीला कडेवर मारलं आणि घरातल्या सपाता फटफटवत जिना उतरून धावली. गाडी सुरू होत होती.

"अहो, थांबा! अर्धंच ऐकलंत तुम्ही!"

बाईंनी काच खाली केली. चेहरा दमलेला. "ताई, आम्हाला अजून दोन मैदानं गाठायचीयत आजच. तुमच्या शहरात संघ तीन, आमच्याकडे दिवस एक."

"पण हे पाहुण्यांसाठी ओरडत होते. आपल्यासाठी आता ओरडतील!"

बाईंनी बुवांकडे पाहिलं. बुवांनी छकुलीकडे पाहून जीभ बाहेर काढली. छकुली हसली. गाडी गेली. मागून, भिंतीपलीकडून, जमीन हादरावी तसा आवाज उठला. वीट! वीट! वीट! वीट! मग तो श्वास. मग भिंत. ऐकायला रस्त्यावर फक्त सूनबाई, छकुली आणि एक कुत्रं.

अहवाल आला तो असा, की विटांच्या मैदानावरचा स्थानिक प्रेक्षक पाहुण्या संघालाच पाठिंबा देतो, सबब हा संघ हलवल्यास कुणाची फारशी गैरसोय होणार नाही.

रडावं की हसावं न कळल्यानं गल्लीतले लोक हसले. "भोंग्या, घर तर घालवलंसच," किल्लीवाला म्हणाला, "वर नेणाऱ्यांना दार उघडून दिलंस."

पण अजून सुनावणी बाकी होती. एका हॉटेलच्या हॉलमध्ये लीगनं दोन्ही शहरांच्या लोकांना बोलावलं. बाबांनी अंगात कोट चढवला, वर मफलर. घसा बसू नये म्हणून आदल्या दिवशी ते कुणाशी बोललेसुद्धा नाहीत. सूनबाई छकुलीला घेऊन शेजारच्या खुर्चीत बसली. तिच्या मनात एकच. बाबांनी रीत समजावून सांगायची, बस्स. लोक हसतील, चूक कळेल, पुन्हा पाहणी होईल. सरळ होतं सगळं.

अध्यक्षांनी विचारलं, "आधी कोण बोलणार?"

बाबा अर्धे उठले होते. पलीकडच्या रांगेत दुसऱ्या शहराहून आलेली एक बाई चुळबुळत बसली होती, प्रवासानं केस विस्कटलेले, बरोबर कुणी नाही. बाबांनी तिच्याकडे पाहिलं. सूनबाईनं ते पाहिलं आणि मनात म्हटलं, नको, बाबा, आज नको.

"आधी पाहुण्या," बाबा म्हणाले, आणि खाली बसले.

ती बाई शाळेत खेळ शिकवायची. बोलण्यात कसलीच सफाई नव्हती. "आमच्याकडे मैदान आहे," ती म्हणाली. "गवत आहे, दिवे आहेत. संघ नाही. माझी पोरं शनिवारी त्या रिकाम्या मैदानात जाऊन पायऱ्यांवर बसतात. मी एकदा विचारलं, समोर काही नाही, बघता काय रे? तर म्हणाली, बघत नाही बाई, जागा धरून ठेवतोय."

हॉलमध्ये पहिली टाळी पडली ती बाबांची.

मग बाबा उठले. त्यांनी रीत सांगितली, गोलकीपर सांगितला, मध्यंतराला निघून गेलेले बाई-बुवा सांगितले. अख्खा हॉल हसला, पाहणीच्या बाई तोंड लपवून हसल्या. अध्यक्षांनी डोळे पुसत म्हटलं, "आजोबा, आमचीच चूक झाली म्हणायची. पुन्हा पाहणी करू या? पुढच्या हंगामात निर्णय घेऊ."

हो म्हणायचं काम होतं. एक अक्षर. सूनबाईनं बाबांच्या हाताकडे पाहिलं. त्या हातात मफलरचं टोक पिळून पिळून दोरी झालं होतं.

"आमचा आवाज तुम्हाला आत्ता कळला, पोटभर आनंद झाला," बाबा म्हणाले. "पण ती पोरं जागा धरून बसलीत. त्यांना आणखी एक हंगाम ताटकळवू नका."

आणि ते खाली बसले. एवढंच बोलले, आणि त्यानंतर बोललेच नाहीत.

विटा गेल्या. सामानाचा ट्रक गल्लीच्या तोंडाशी वळला तेव्हा सगळी गल्ली हात हलवायला उभी होती, बाबा सोडून. मैदान पुढच्या हंगामापासून हिरव्यांना मिळणार होतं, कारण त्यांचं स्वतःचं गळकं होतं. बाबांनी आपली खुर्ची उचलली आणि खिडकीकडे पाठ करून ठेवली.

भोंग्यानं मिठाची गुळणी धरली. विचारलं तर मान हलवायचे. चहा अर्धा ठेवायचे. सूनबाईनं घशाच्या डॉक्टरांकडे नेलं, डॉक्टर म्हणाले घसा तरुणासारखा आहे. तिनं प्रयोगशाळेत त्यांचं रक्त स्वतः तपासलं, मग पुन्हा तपासलं. सगळं जागच्या जागी. जे हरवलं होतं ते काचेच्या नळीत सापडणारं नव्हतं. शनिवार आला की छकुली झोपेना. तिला खांद्यावर टाकून सूनबाई येरझाऱ्या घालायची, आणि खुर्चीत पाठमोरे बसलेले बाबा ते रडणं ऐकून फक्त डोळे मिटायचे.

नवऱ्याचाही चेहरा उतरला. "वादात मी जिंकलो म्हणायचं," तो रात्री म्हणाला, "पण समोरचा माणूस उठून गेल्यावर जिंकून करायचं काय?"

तिनं मावशीला फोन लावला.

"आता बाहेर बघत नाहीत ना?" मावशी म्हणाली. "मग झालं की. लक्ष घरात आलं."

"घरातही नाही गं मावशी. कुठंच नाही."

"मग खिडकी उघड," मावशी म्हणाली. "मी आपलं म्हटलं होतं, पण माझं म्हणणं काय काळ्या दगडावरची रेघ आहे?"

नवा हंगाम लागला. हिरव्यांचा इथला पहिला सामना जाहीर झाला आणि गल्लीनं कपाळावर हात मारला. समोर विटा! आपलीच पोरं, आपल्याच मैदानात, पाहुणी म्हणून.

"बाबा, जाऊ या?" सूनबाईनं विचारलं. बाबांनी मान हलवली. नाही.

सामन्याच्या दुपारी ती सवयीनं खिडकीशी गेली. बुटक्या स्टँडवर नेहमीची मंडळी सवयीनं येऊन बसली होती, पण परक्या घरी बसावं तशी, अंग चोरून. पलीकडच्या कोपऱ्यात ती खेळाची बाई, आणि तिच्याभोवती पोरांचा घोळका, विटकरी मफलर गुडघ्यापर्यंत लोंबणारे. पोरं जीव तोडून ओरडत होती, पण एकाचं 'वीट' दुसऱ्याच्या 'भिंती'वर आदळत होतं. नुसता कालवा.

सूनबाईनं एकदा बाबांच्या पाठीकडे पाहिलं. छकुलीच्या डोक्यात टोपी घातली, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदाच मागच्या दारानं मैदानात गेली.

"सूनबाई! भोंगा कुठंय?" किल्लीवाल्यानं विचारलं.

"येत नाही म्हणतात."

"आता गं? पहिला हाफ पाहुण्यांचा. आणि पाहुणे तर आपलेच. सुरुवात कोण करणार?"

सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. जो तो दुसऱ्याला पुढं करत होता. बाबांची जागा रिकामी होती, तिच्यावर कुणी बसलं नव्हतं. सूनबाईनं मागं वळून पाहिलं. वर, आपल्या घराच्या खिडकीत, पडदा बंद. प्रयोगशाळेत तिचा आवाज शेजारच्या टेबलापर्यंत पोचायचा नाही. तिनं छकुलीच्या कानांवर हात ठेवले, डोळे मिटले आणि ओरडली.

"वीट!"

बिजागरीला तेल हवं असावं तसा आवाज. पण स्टँडनं झेलला, "वीट!"

"वीट!"

"वीट!"

"भिंत!" ती लगेच ओरडली.

अर्धा स्टँड भिंत म्हणाला, अर्धा श्वास घेत राहिला, आणि सगळी घोषणा कोलमडून फळ्यांवर पडली. छकुली खिदळली. "पुन्हा, पुन्हा," किल्लीवाला म्हणाला. तिनं पुन्हा केलं. पुन्हा तेच. तिच्यानं थांबवेचना. आता पोरांचा घोळकाही तिच्यामागे लागला, आणि मैदानावर इतका भयंकर गोंधळ उडाला की विटांचा कप्तान चेंडू सोडून इकडे बघायला लागला. तिनं तिसऱ्यांदा तोंड उघडलं.

वरची खिडकी भिंतीवर आपटली.

"अगं सूनबाई! श्वास! मध्ये श्वास घे! घाई कसली, भिंत काय पळून चाललीय?"

हा आवाज. पत्र्यावर गारा पडाव्यात तसा तो स्टँडवर पडला. सगळे मान वळवून वर बघायला लागले. खिडकीत बाबा, अर्धे बाहेर लोंबकळलेले, चेहरा लालबुंद.

"बाबा, वाकू नका तेवढे!" सूनबाई किंचाळली.

"मी वाकेन नाही तर उडेन! तू आधी शीक! वीट म्हटल्यावर पोट आत. मोज. मग सोड! इतके शनिवार खिडकीत बसून ऐकलंस काय?" आणि मग बहुधा त्यांनाच ऐकू आलं, की आपण बोलतोय. खिडकी रिकामी झाली. जिन्यावर धडधड झाली. बाबा मागच्या दारानं आले ते घरातल्या सपातांत, कोटाशिवाय, मफलरशिवाय. एका पोरानं आपला लोंबता मफलर काढून त्यांच्या गळ्यात टाकला, त्यांच्या ते लक्षातही आलं नाही. ते आपल्या जागेवर उभे राहिले, हात वर केला आणि सगळं मैदान गप्प केलं.

मग जी घोषणा झाली तिनं सूनबाईच्या घरातली एक बशी फुटली. कुणाला वाईट वाटलं नाही. दुसऱ्या घोषणेला छकुली आईच्या खांद्यावर डोकं टाकून झोपली.

मध्यंतर झालं. शिट्टी वाजली आणि सगळ्यांच्या नजरा बाबांवर. दुसरा हाफ घरच्यांचा. पण घरचे आता कोण?

बाबांनी बराच वेळ समोर पाहिलं. हिरव्यांची पोरं नव्या मैदानात बिचकत उभी होती, त्यांच्या निम्म्या प्रेक्षकांना इथली वाटच सापडली नव्हती. "रीत ती रीत," बाबा शेवटी म्हणाले. "हिरव्यांसाठी ओरडा."

"भोंग्या!"

"ओरड म्हणतोय ना!"

आणि ते ओरडले, कडू औषध घेतल्यासारखं तोंड करून. फक्त विटांकडे चेंडू आला की त्यांना खोकला लागायचा. दोनदा खोकला, दोनदा खोकला, मग एक श्वास, मग एक मोठा खोकला. हळूहळू तो खोकला स्टँडभर पसरला. नवरा दुकान बंद करून धावत आला, तर अख्खा स्टँड तालात खोकतोय. "ही कसली साथ?" त्यानं विचारलं, आणि बायकोनं उत्तर न देता त्याच्याकडे झोपलेली पोर दिली, कारण तिला खोकायचं होतं.

सामना बरोबरीत सुटला. खेळाची बाई गर्दीतून वाट काढत बाबांकडे आली. "आजोबा, आमच्याकडे आवाजाला तोटा नाही. पण थांबता कुणालाच येत नाही. आणि पाहुणे आले की पोरं त्यांना नुसती हुर्यो करतात."

"हुर्यो?" बाबांचा चेहरा पडला. "पाहुण्यांना? छे छे छे. कुणी शिकवलं नाही का त्यांना?"

"म्हणूनच आलेय. येता का शिकवायला?"

नवरा हळूच म्हणाला, "गल्ली ट्रकमध्ये घालून नेता येत नाही, बाबा. पण बसमध्ये एक सीट मिळेल."

"तू तुझे चष्मे बघ," बाबा म्हणाले. पण बसची वेळ त्यांनी त्याच संध्याकाळी विचारली.

तेव्हापासून आलटून पालटून शनिवार. एक इथं, हिरव्यांसाठी, अजून थोडं तोंड वाकडं करून. एक तिकडे, विटांसाठी. सकाळच्या बसनं जातात, त्या बाईच्या भावाकडे मुक्काम, रविवारी घसा बसवून आणि टवटवीत होऊन परत. गळ्यातला मफलर कधी आपला असतो, कधी कुठल्याशा पोराचा. सूनबाई पिशवी भरून देते, मग उपसून पुन्हा भरते. गोळ्या वरच्या कप्प्यात, टोपी मधल्या, आणि फोन कोटाच्या खिशात. तो ते उचलत नाहीत, कारण ऐकूच येत नाही. मावशी म्हणते, "आता कुठली खिडकी बघशील? त्यांचं लक्ष दोन शहरांत." सूनबाई म्हणते, "लक्ष असू दे कुठंही गं. माणूस ठिकाणावर आहे ना."

पण शनिवारची रात्र तिला जातच नाही. नवरा घोरतो, छकुली झोपेत 'बी' म्हणते, ती 'भिंत' म्हणते की 'बाबा' म्हणते यावर घरात वाद आहे, आणि चौकीदार जागा असतो. म्हणून तुमच्यासाठी तिचा एक निरोप आहे. तुम्ही त्या दुसऱ्या शहरात राहत असाल, किंवा शनिवारी तिकडे जाणं झालंच, तर मैदानात गोलामागे जरा डोकावून या. शोधावं लागणार नाही, आवाजाच्या दिशेनं जा. टोपी घातलीय का, दुपारची गोळी घेतलीय का, कठड्यावरून फार वाकत नाहीत ना, एवढं बघा आणि कळवा. आम्ही विचारलंय हे मात्र त्यांना सांगू नका. आणि मध्यंतराला निघून येऊ नका, एवढं कराच.